मागच्या जिन्याचं घर

जेवणं उरकेपर्यंत ताईने ती गोष्ट पोटात ठेवली. दादाच्या घरी सगळे जमले की ताटावर कुणी वाकडा शब्द काढायचा नाही, हा अण्णांच्या वेळचा नियम. अण्णा गेले, नियम राहिला. पण भांडी आत गेली, छोटू सोफ्यावर आडवा झाला, दादाने दात कोरायला काडी घेतली, तेव्हा ती म्हणाली, "आईच्या घराची तपासणी होणार आहे."

काडी दादाच्या तोंडाशीच थांबली. "कुणाच्या घराची?"

"आईच्या. मागच्या जिन्याच्या."

नातलगांत त्या घराला हेच नाव पडलं होतं. इमारत एकच, पण दारं दोन. पुढच्या दाराला काच, संगमरवर आणि सलाम ठोकणारा रखवालदार. तिकडे बाजारभावाने घरं घेतलेली माणसं. मागचं दार कचऱ्याच्या पिंपांशेजारी, अरुंद जिन्याचं, कमी उत्पन्नवाल्यांसाठी. पालिकेने बिल्डरला जास्तीचे मजले चढवू दिले आणि त्या बदल्यात मागची घरं स्वस्तात द्यायला लावली. अट एकच होती: ज्याच्या नावावर घर, त्याने स्वतः तिथे राहायचं. विकलं किंवा भाड्याने दिलं तर पालिका घर परत घेणार. अण्णा बस डेपोत मेकॅनिक. सगळा संसार एका खोलीत केलेला. सोडतीत नंबर लागला त्या दिवशी ते तोंड धुवायला नळाखाली गेले आणि बराच वेळ नळ बंदच करेनात. पण घर त्यांना फार दिवस लाभलं नाही. त्यांच्यामागे ते आईच्या नावावर झालं. पुढे आईचे गुडघे गेले आणि दादाने तिला आपल्याकडे आणलं. तेव्हापासून घराला कुलूप आहे, असं ताई धरून चालली होती.

आणि अशाच घरांवर देखरेख ठेवणाऱ्या पालिकेच्या खात्यात ती तपासनीस होती. घरात सगळेच तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठा असलेला दादासुद्धा. लहानपणापासूनच ती दोन वर्षं पुढचं वय घेऊन वावरायची.

"पुढच्या दाराच्या लोकांनी तक्रार केलीय," ती म्हणाली. "मागच्या घरांत भलतेच लोक राहतात म्हणून. वरून आदेश आलाय, मागचं प्रत्येक घर बघायचं. इमारत माझ्याकडेच आली होती. मी साहेबांना म्हटलं, माझ्या आईचं घर आहे तिथे, मला नको. मग फुटपट्टीकडे दिली."

फुटपट्टी म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई. ऑफिसनेच नाव ठेवलेलं. एकदा मोडतील, पण वाकायच्या नाहीत.

"कुलूप बघून त्या लिहिणार, राहत नाहीत. मग नोटीस, सुनावणी. त्यापेक्षा आपणच आधी जाऊन सांगू. लिफ्ट बंद आहे, आईला चढवत नाही, तळमजल्यावरचं घर बदलून द्या. खोटं काहीच नाही त्यात."

यावर कुणीतरी हो म्हणेल, निदान छोटू तरी म्हणेल, असं तिला वाटलं होतं. वहिनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागली.

"कुलूप नाहीये," वहिनी म्हणाली.

"अगं..." दादा म्हणाला.

"किती दिवस लपवणार? कुलूप नाहीये, ताई. भाडेकरू आहेत. दीड वर्ष झालं."

छोटू ताडकन उठून बसला. चाळिशी ओलांडली तरी तो छोटूच होता. "दीड वर्ष? आणि भाडं कुठे गेलं? मला तर सांगत होतास, दुकान बुडतंय!"

"कुठे गेलं म्हणजे? आईची औषधं, गुडघ्याचा व्यायाम घेणारा तो पोरगा, सगळं कोण भरतं? तू कधी तिला एक केळं तरी आणलंस?"

"केळ्याचा विषय नाहीये! ताई बरोबर बोलतेय. नियम म्हणजे नियम."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. नियमाशी छोटूची ओळख आजच झाली होती. पण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून ती त्याच्याच बाजूला सरकून बसली. "दादा, तू मला विचारायला हवं होतंस. मी त्याच खात्यात आहे."

"म्हणूनच नाही विचारलं."

वहिनीने फडकं झटकलं. "ताई, राग मानू नका. आईंना रात्री तीनदा उठवावं लागतं. ते तुम्हाला करावं लागत नाही. तुम्ही महिन्यातून एकदा येता, त्यांचे पाय दाबता, डोळ्यांतून पाणी काढता आणि जाता. ज्याने करायचं त्यानेच खर्चही करायचा, आणि वर नियमही त्यानेच पाळायचे?"

हे खरं होतं आणि ताईला ते झोंबलं. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही करता ते मी नाकारत नाही."

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि छोटूला घेऊन गॅलरीत गेला. काचेतून ताईला दोघांच्या पाठी दिसत होत्या. दादाचा हात छोटूच्या खांद्यावर पडला, छोटूची मान एकदा हलली, मग पुन्हा हलली. छोटूचं तत्त्व गॅलरीत गेलं ते तिथेच राहिलं. आत आला तो म्हणत, "ताई, तू जरा ताणतेसच हं. कुणाचं काय बिघडतंय?"

"कोणत्या दिवशी येणार त्या बाई?" दादाने विचारलं.

"तपासणी अचानक असते."

"पण तुला माहीत असेल."

"मला दिवस माहीत नाही. आणि मी आज इथे तोंड उघडलं हेच चुकलंय."

"चुकलीसच आहेस, तर आता अर्ध्यावर थांबू नकोस. या आठवड्यात?"

ताई गप्प राहिली. गप्प राहणं म्हणजेच उत्तर, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"मला एक सांग," दादाचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "लिफ्ट बंद पडली तेव्हा आई तो जिना बसून बसून चढायची. पायरीवर बसायची, हात टेकायची, वरच्या पायरीवर बसायची. तेव्हा तुझं खातं कुठे होतं?"

"मी नोटिसा काढल्या. बिल्डरने दंड भरला."

"भरला ना? त्याला लिफ्टपेक्षा दंड स्वस्त पडला. त्याचं घर घेतलं कुणी परत? बाग सगळ्या इमारतीची, तिच्या फाटकाला पुढच्यांनी कुलूप घातलं, ते तोडलं कुणी? सगळी फुटपट्टी मागच्या जिन्यावर!"

ऑफिसात ताई स्वतः हेच बोलायची, जवळजवळ याच शब्दांत.

"कोण लोक आहेत?" आतल्या दारातून आवाज आला. आई वॉकर धरून उभी होती. कधीपासून, कुणाला माहीत. "माझ्या घरात कोण आहे?"

"चांगले आहेत, आई," वहिनी म्हणाली. "तुम्हाला उगाच घोर नको म्हणून नाही सांगितलं."

"नाव माझं, घर माझं, आणि घोर तेवढा तुमचा?" आई म्हणाली. मग तिने दादाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज मऊ झाला. "बरं. आता काय करायचं ते तूच ठरव."

ताईला वाटलं होतं, आई आपल्याकडे बघेल.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई त्या घरी गेली. बागेचं फाटक कुलूपबंदच होतं. आत कारंजं उडत होतं. बाहेर गजांना नाक लावून मागच्या जिन्याची दोन पोरं ते बघत होती. लिफ्टच्या दाराला सुतळीने पुठ्ठा बांधलेला होता आणि त्यावरची अक्षरं उन्हाने उडाली होती. चार जिने चढून गेल्यावर तिने दार वाजवलं.

दार उघडणारी बाई तिच्याच वयाची, हात साबणाने फाटलेले. खोलीत गाठोडी बांधून ठेवलेली होती.

"दादांनी पाठवलं का?" बाई घाईने म्हणाली. "निघतोच आहोत. त्यांचा काल फोन आला. आमचे हे रात्रपाळी करून झोपलेत, उठले की सामान खाली नेतो. आठवडाभर नणंदेकडे राहायचं ठरलंय."

"मी त्यांची बहीण."

बाईचा चेहरा एकदम उजळला. "अगंबाई, ऑफिसातल्या ताई! या ना, बसा. तुमच्याच भरवशावर तर घर घेतलं आम्ही. मी म्हटलेलं दादांना, ही सरकारी घरं, उद्या कुणी आलं तर? ते म्हणाले, माझी बहीणच आहे तिथे, चिटपाखरू फिरकणार नाही."

ताई बसली. बसायला एक गाठोडंच होतं. बाईने पाणी आणून दिलं. ती एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, नवरा मालट्रक भरायचा. भाडं पुढच्या दाराचं, जिना मागचा, असं ती हसत हसत म्हणाली.

"तुम्ही स्वतः कधी अर्ज नाही केला?" ताईने विचारलं. "सोडतीला?"

"दरवेळी करतो. नंबर लागत नाही. लागला असता तर तुमच्या आईंना भाडं कशाला दिलं असतं?" त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. "ताई, आठवड्याने परत येऊ ना आम्ही? दादा तसं नक्की काही बोलले नाहीत."

"मी विचारते," ताई म्हणाली.

खाली उतरता उतरता तिने दादाला फोन लावला. "माझं नाव कशाला वापरलंस?"

"नाव कुठे वापरलं? नातं वापरलं," दादा म्हणाला. "तेवढा तरी उपयोग होऊ दे."

*

त्याच संध्याकाळी त्यांनी आईला वर नेलं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, पुढून दादा, मागून छोटू. हे ताईला वहिनीच्या फोनवरून कळलं. "तुम्ही येऊ नका," वहिनीने बजावलं. "तुम्ही आलात की बिघडतं."

ताईने एक दिवस कळ काढली. फुटपट्टी शेजारच्या टेबलावर बसून डबा खात होत्या, त्यांनी लोणचं पुढे केलं, ताईने ते घेतलं आणि डब्याच्या झाकणात तसंच ठेवलं. दोन वाक्यं बोलली असती तर मोकळी झाली असती. पण डोळ्यांसमोर आई यायची, खुर्चीत बसलेली, आणि तोंड उघडायचं नाही. त्याच्या पुढच्या दिवशी तिने सकाळीच रजा टाकली आणि तिकडे गेली. दादाला समजवायचं, आईला खाली आणायचं, आणि सगळ्यांनी मिळून ऑफिसात जाऊन खरं सांगायचं. आपणहून चूक कबूल केली तर निदान आईचं वय बघून थोडं नमतं घेतील, एवढीच आशा होती.

घर सजवलं होतं. दुसरा शब्द तिला सुचला नाही. दोरीवर आईची लुगडी, खिडकीत तिच्या गोळ्या, भिंतीवर अण्णांचा फोटो. आई खिडकीपाशी त्याच खुर्चीत बसलेली, वेणी घट्ट घातलेली. दोन दिवसांत ती सुकून गेली होती.

"आई, चल," ताई म्हणाली.

"कुठे?"

"घरी."

"हेच माझं घर म्हणून बसलेय ना मी इथे?" आई म्हणाली. "तुझ्या त्या बाई येऊन जाऊ देत. मग बघू."

दादा दारात उभा होता. "आज-उद्या संपेल सगळं. उगाच मध्ये पडू नकोस."

"आणि ते लोक? धुलाईघरातल्या बाई?"

"त्यांना आता परत नको," स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाली. "फार बोलतात. दुसरे बघितलेत, जरा जास्त देणारे."

ताई काही बोलणार तोच दार वाजलं. फुटपट्टी दम खात उभ्या होत्या, काखेत पिशवी. ताईला पाहून त्या दचकल्या.

"तुम्ही?"

"आईला भेटायला आलेय," ताई म्हणाली. हेही खरंच होतं.

फुटपट्टींनी पुढे काही विचारलं नाही. खोली पाहिली, मोरी पाहिली, मग आईच्या समोर जमिनीवरच बसल्या. "आजी, तुम्ही इथे राहता?"

"राहते," आई म्हणाली. बोलताना ती दादाकडे बघत होती. धडा म्हणताना पोर बाईंकडे बघतं, तशी.

"कायम?"

"घर मिळाल्यापासून."

"लिफ्ट तर बंद आहे. मग खाली कशा जाता?"

"जातच नाही."

"अजिबात नाही? डॉक्टरकडे?"

"काय करायचंय खाली जाऊन? वरच बरी आहे मी."

फुटपट्टींचा हात थांबला. "म्हणजे लिफ्ट बंद पडल्यापासून तुम्ही वरच आहात? मी लिहिते हे. घर राहतं आहे असं लिहिते, आणि हेही लिहिते. वयस्कर बाईला असं कोंडून ठेवायचं म्हणजे काय! आता बिल्डरला दंडावर सुटता येणार नाही."

"लिहा, मॅडम, लिहाच!" दादा पुढे झाला. धोका टळला होता आणि त्याला शब्द आवरेनात. "दोन वर्षं झाली, माझी आई इथे एकटी बसून असते. आम्ही येतो-जातो, पण रात्री काय झालं तर? खिडकीत बसून रस्ता बघते बिचारी. जिवंतपणी तुरुंग आहे हा!"

"खरंय," छोटू म्हणाला. त्याने तर डोळेही पुसले.

आईने मान खाली घातली आणि लुगड्याचा काठ बोटांनी सरळ करायला लागली. ताईने ती बोटं पाहिली. स्वतःचे हाल मुलाच्या तोंडून ऐकत, ते खोटे आहेत हे ठाऊक असून, आई लाजली होती.

फुटपट्टींनी पेनाला टोपण लावलं. वहिनीने चहाचं विचारलं. आता नुसतं गप्प बसायचं होतं. कदाचित लिफ्टही सुरू झाली असती.

"आई इथे राहत नाही," ताई म्हणाली.

छोटूच्या हातातला रुमाल डोळ्यांवरच राहिला.

"ती दादाकडे राहते. इथे दीड वर्ष भाडेकरू होते. परवा त्यांना घालवलं आणि आईला उचलून आणलं. तपासणी येणार हे घरी मीच सांगितलं होतं."

फुटपट्टींनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "हे तुम्ही खात्यातल्या म्हणून सांगताय, की यांच्या मुलगी म्हणून?"

"दोन्ही वेगळं करता आलं असतं तर गप्प बसले असते."

"मला तुमचंही लिहावं लागेल. बातमी फोडली म्हणून. नोकरीवर येईल."

"लिहा."

दादा ओरडेल असं ताईला वाटलं होतं. तो ओरडला नाही. त्याने अण्णांचा फोटो भिंतीवरून काढला, सदऱ्याने काच पुसली आणि काखेत घेतला. "अण्णांचं एवढंच उरलं होतं," तो म्हणाला. "आता आई तुझी. तूच ने खाली." आणि तो जिना उतरायला लागला. "दादा, अरे ऐक तर," म्हणत छोटू त्याच्यामागे गेला. त्याचा आवाज दोन मजले ऐकू आला, मग तोही बंद झाला.

वहिनी सगळ्यांत शेवटी निघाली. दारापाशी थांबली, ताईकडे न बघता म्हणाली, "पांढरी गोळी सकाळी. पिवळी रात्री, अर्धीच. झोपताना गुडघ्याखाली उशी लागते त्यांना, नाहीतर कण्हत राहतात." आणि ती गेली.

खोलीत तिघी उरल्या. फुटपट्टींनी लिहायचं ते लिहून संपवलं, पिशवी गळ्यात अडकवली आणि खुर्चीचे मागचे पाय धरले. "चला. मी मागून धरते."

आई फुलासारखी हलकी असेल असं ताईला वाटलं होतं. ती चांगलीच जड होती. वळणावर खुर्ची भिंतीला घासली, आईने दोन्ही हातांनी कठडा धरला. दुसऱ्या मजल्यावर त्या दम खायला थांबल्या. ताईच्या तळहातांना वळ उठले होते. जिन्याच्या जाळीतून बाग दिसत होती, रिकामी, हिरवीगार.

आई म्हणाली, "घर गेलं ना?"

"हो, आई."

"मग आता ते त्या बाईला देतील का? ती राहत होती तिला?"

ताईने फुटपट्टींकडे पाहिलं. त्या कठड्याकडे बघत होत्या. घराला आधी सील लागणार, मग सुनावणी, मग अपील, मग कधीतरी सोडत, तीत हजारो नावं. याच जिन्यावर सील लागलेली घरं होती, त्यांच्या कड्यांवर कोळ्यांची जाळी धरली होती.

"नाही," ताई म्हणाली. "बंद राहील."

आईने यावर विचार केला. खाली कुणीतरी कचऱ्याचं पिंप ओढत नेत होतं.

"मग तू बोललीस कशाला?"

"खाली गेल्यावर सांगते."

"खाली गेल्यावर मी विचारणार नाही," आई म्हणाली.

ताईने फुटपट्टींना मानेने खूण केली, पुढचे पाय धरले आणि खुर्ची उचलली.